अभ्यासस्थळ क्रमांक तीन

विद्यापीठाच्या पर्यावरण विभागात बैठक भरली आणि त्या बैठकीला मराठीचे प्राध्यापक डॉ. झुलाल भामरे यांना बोलावण्यात आलं. यात कुणाचीही चूक नव्हती. 'खानदेशातील नैसर्गिक संसाधने : एक बहुविद्याशाखीय अभ्यास' या प्रकल्पाला पाच विषय लागत होते आणि चारच जमले होते. भूशास्त्र होतं, रसायन होतं, प्राणिशास्त्र होतं, समाजशास्त्र होतं. पाचव्या खुर्चीत बसायला कुणीतरी हवं होतं, आणि झुलाल सर त्या वेळी दारावरून चहाला चालले होते.

सरांची पीएच.डी. 'ग्रामीण कवितेतील पाणी' या विषयावर. सहाशे पानं. त्यातलं एकही पान कोरडं नाही. फक्त ती लिहिताना सर स्वतः जळगावात नळाचं पाणी पीत होते, तेही यंत्रातून गाळून. गावच्या विहिरीत त्यांनी शेवटची बादली सोडली त्याला चौदा वर्षं झाली होती. पण गोष्ट पाण्याची निघाली आणि त्यांची जीभ सुटली.

"मॅडम, आमच्या गावात एक विहीर आहे."

प्रकल्पप्रमुख कुसुमलता मॅडम पाचोऱ्याच्या. घरात तीन पिढ्यांचं दुकान, त्यामुळे माल बघितल्याशिवाय मान हलवायची नाही ही सवय विज्ञानात येऊनही सुटलेली नव्हती. त्यांनी विचारलं, "वापरात आहे?"

"वापरात? साक्रीच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून आहे आमचं गाव. उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी तळ दाखवतात, आमची दाखवत नाही. कारण दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सगळं गाव तिच्यात उतरतं आणि गाळ काढतं. झरे मोकळे होतात. त्याच पाण्यानं आखाजीला पितरांची घागर भरतात. माझे वडील, उखर्डू आबा, सगळ्यांच्या आधी उतरायचे."

सगळ्यांनी लिहून घेतलं. झुलाल सरांचं बोलणं चार शास्त्रांनी एकदम लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ. स्कूटरवरून घरी जाताना सर एकटेच हसत होते. आपण आपल्या गावाची विहीर चौघांच्या हवाली करून आलोय, हे त्या शहाण्याच्या लक्षातही आलं नाही.

पंधरा दिवसांत विहिरीच्या कठड्याशी बोर्ड ठोकला गेला : 'अभ्यासस्थळ क्रमांक ३. कृपया हस्तक्षेप करू नये.' क्रमांक एक आणि दोन कुठं होते ते कुणालाच माहीत नव्हतं. पण एकाच जागेचा अभ्यास केला तर तो अभ्यास वाटत नाही.

भूशास्त्राच्या हसीब सरांनी वाकून गाळ बघितला आणि त्यांचा आवाज जड झाला. "झुलालभाई, हा गाळ नाही, इतिहास आहे. थरावर थर बसलाय. याला फावडं लागता कामा नये."

गाळ दरवर्षी निघतो, म्हणजे हा इतिहास गेल्या आखाजीपासूनचा आहे, एवढं झुलाल सरांना कळत होतं. ते बोलले नाहीत. बहुविद्याशाखीय अभ्यासात दुसऱ्याच्या शाखेत बोलायचं नसतं. प्राणिशास्त्राला विहिरीत एक कासव सापडलं, त्याची 'मूळ स्थानिक वसाहत' म्हणून नोंद झाली. ते कासव उखर्डू आबांनी पाणी स्वच्छ राहावं म्हणून पिशवीतून आणून सोडलेलं होतं.

आखाजी महिन्यावर आली तसा गावातून सुकदेव नानांचा फोन आला.

"झुलाल, गाळ कव्हय काढाना रे?"

"नाना, थोडं थांबा. अभ्यास चालू शे."

"कसाना अभ्यास?"

"गाळना."

"मंग काढीसन दी टाकूत ना त्यास्ले! ट्रॅक्टर भरीसन!"

सरांनी हे मॅडमना सांगितलं, ट्रॅक्टर वगळून. मॅडम म्हणाल्या, "लोकसहभाग आपल्या प्रस्तावातच आहे सर, दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात लोक सहभागी झाले तर पहिला टप्पा बिघडतो."

गाळ राहिला. मग रसायनाची अडचण उभी राहिली. त्यांना स्थिर पाणी हवं होतं आणि यंत्रावर पातळी सकाळी उतरायची, संध्याकाळी पुन्हा उतरायची. यावर दोन बैठका झाल्या. भूगर्भातल्या हालचालींपासून चंद्रापर्यंत सगळं तपासून झालं. तिसऱ्या बैठकीत कारण सापडलं : गावकरी पाणी भरत होते.

उपसा दहा दिवस बंद ठेवण्याचं ठरलं. सूचना मराठीत काढायची होती, म्हणून ते काम साहजिकच मराठी विभागाकडे आलं. 'समस्त ग्रामस्थ बंधुभगिनींस सविनय कळविण्यात येते की, आपल्याच जलस्रोताच्या हितार्थ...' यातला 'आपल्याच' सरांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला. प्रकल्पात तुमचं योगदान काय, असं उद्या बढतीच्या मुलाखतीत विचारलं तर दाखवायला हाच कागद होता. खाली त्यांनी झोकात सही केली. विद्यापीठाच्या शिक्क्याला गाव जुमानलं नसतं. पण सही उखर्डू आबांच्या पोराची होती. गावानं दोर गुंडाळून ठेवले.

बाया दोन किलोमीटरवरच्या कूपनलिकेवर जाऊ लागल्या. ज्यांना परवडलं त्यांच्या दारात साक्रीहून पाण्याचे जार उतरू लागले. नेमकं त्याच आठवड्यात समाजशास्त्र प्रश्नावली घेऊन आलं. 'गेल्या सात दिवसांत आपण पारंपरिक जलस्रोत वापरला का?' शंभरातल्या शंभर जणांनी 'नाही' सांगितलं. एवढं एकमुखी उत्तर समाजशास्त्राला आजवर कुठं मिळालं नव्हतं.

आखाजीच्या सकाळी झुलाल सर गावी होते. दिवाळीत उखर्डू आबा गेले होते, त्यामुळे घरात त्यांची पहिली घागर होती. सरांच्या आईनं, धुरपदाबाईनं, नवी घागर धुऊन सरांपुढं ठेवली. सांजोऱ्या झाल्या होत्या, घागरीवर ठेवायला डांगराचं फळ आणलं होतं. पाणी तेवढं राहिलं होतं.

"एक घागर पानी काढी दे, झुलाल. इहीरनं."

"माय, परवानगी नही शे."

"तुन्हा बापनी ज्या इहीरना गाळ काढा, तिनं पानी त्यालेच नही? परवानगी कोन देस?"

"मॅडम."

"मंग लाव तिले फोन."

मॅडम फोनवर खरोखर हळव्या झाल्या. "सर, मी समजू शकते. आमच्याकडेही हे सगळं असतं. असं करा, नमुना म्हणून काढा. अर्धा लिटर. बाटलीला चिठ्ठी लावा आणि उद्देश लिहा."

"उद्देश काय लिहू?"

"'सांस्कृतिक' लिहा. रकाना आहे त्याचा."

वडिलांच्या घागरीला अर्धा लिटर मंजूर झाल्याचा आनंद सरांच्या तोंडावर दिसला, हे लिहिताना लाज वाटते, पण दिसला. त्यांनी चौदा वर्षांनी विहिरीत बादली सोडली. बादली खाली गेली आणि 'थप्' असा आवाज आला. वर आला तो काळा चिखल. गाळानं झरे बुजले होते आणि उरलंसुरलं पाणी उन्हानं आटलं होतं. पाणी आता खरोखरच स्थिर झालं होतं.

घागर जारच्या पाण्यानं भरली. धुरपदाबाईनं हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि घागरीकडे बघतच म्हणाली, "तुन्हा बाप हाई पानी वळखाव नही रे." त्यानंतर दिवसभर ती मुलाशी बोलली नाही. पहिली घागर एकदाच असते; ती पुढच्या वर्षी दुरुस्त करून भरता येत नाही.

सर जळगावला परतले तर टेबलावर अहवाल भाषा तपासण्यासाठी येऊन पडला होता. 'ग्रामस्थांनी यंदा गाळ न काढल्याने विहीर निकामी झाली असून, शंभर टक्के कुटुंबांनी तिचा वापर सोडला आहे. समाजात तीव्र जलउदासीनता आढळते. प्रबोधनाची गरज आहे.' सरांनी तो दोनदा वाचला. संताप आला, कान तापले, मूठ वळली. वळलेल्या मुठीत पेन होतं. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि आपलं नाव पाचव्या क्रमांकावर बरोबर छापलंय ना, ते पाहिलं.

आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी नानांचा पुन्हा फोन.

"झुलाल, बोर्ड उखाडी टाका आम्ही. बठ्ठा गाव उतरी राह्यना. तुन्ही माय टोपल्या वढी राह्यनी. तू येस का?"

सर घामाघूम होऊन मॅडमच्या केबिनमध्ये धावले. आता गावावर कारवाई होणार, आपलं नाव अहवालातून उडणार. यातल्या दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त होती. मॅडमनी ऐकून घेतलं आणि उठून पर्स उचलली.

"त्यांना म्हणावं थांबू नका, पण संपवूही नका. आम्ही पोचतोय. सर, दुसरा टप्पा सुरू झाला!"

दुपारी गाडी पोचली तेव्हा गाळ कमरेइतका निघाला होता आणि दक्षिणेचा झरा फुटला होता. मॅडमनी पदर खोचला, एक टोपली हातात घेतली. टोपली रिकामी होती. भरलेली उचलत नव्हती. हसीब सरांनी इतिहासात फावडं घातलं. फोटो निघाले.

त्यातला एक निवडून, नेटका करून, खाली दोन ओळी लिहून सगळीकडे पाठवायचं काम मराठी विभागाचं. फोटो रुंद झाला होता. डाव्या कडेला चिखलानं माखलेली एक म्हातारी भरली टोपली डोक्यावर घेऊन मध्येच आली होती, त्यामुळे मॅडम मधोमध येत नव्हत्या. झुलाल सरांनी क्षणभर त्या म्हातारीकडे पाहिलं. मग बोटानं कड आत सरकवली. धुरपदाबाई फोटोतून गेली. खाली त्यांनी लिहिलं, 'विद्यापीठाच्या प्रेरणेने गाव झाले जलसाक्षर.'

तो फोटो तुमच्याही ग्रुपवर आला होता. नीट बघितला असता तर डाव्या कडेला टोपली धरलेली चार बोटं राहून गेलेली दिसली असती. तुम्ही अंगठा दाखवला आणि पुढे पाठवला.