जगदाळे अण्णांची अ‍ॅक्शन

जगदाळे अण्णा आमच्याकडे आले की आधी दाराची कडी तपासतात. तीनदा पुढे, तीनदा मागे, कान लावून. मग निकाल देतात, "सरी, ठीक आहे. पण स्वल्प घासतेय." मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीत त्यांच्या निकालातून सुटलेलं एकही दार नाही.

सरकारी कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाल्यावर अण्णांनी नेमबाजीसाठी एक खास मापाची रायफल बांधून घ्यायचं ठरवलं. दस्त्यासाठी, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागासाठी, शिसवीचा ठोकळा आणला. तो सहा वर्षं पलंगाखाली वाळतोय. सगळं अडलं होतं अ‍ॅक्शनपाशी. अ‍ॅक्शन म्हणजे रायफलीचा पोलादी गाभा. नळी त्यात बसते, बोल्ट त्यात कडीसारखा मागेपुढे होतो. नवी पेन्शनीत परवडेना आणि जुनी अण्णांना पटेना.

मला यादीशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही. मी सात जुन्या अ‍ॅक्शनचा तक्ता करून दिला: किंमत, गंज, बोल्टची चाल. शेरे अण्णांनी भरले. "ही घट्ट. ही सैल. हिचा आवाज बरा नाही, ताई."

"मुली बघताहेत!" त्यांच्या पत्नी सुमतीअक्का आतून म्हणाल्या. "मला दहा मिनिटांत पसंत केलं होतं."

"तेव्हा तक्ता नव्हता," अण्णा म्हणाले.

मग या अ‍ॅक्शन ज्यांच्याकडच्या, त्या बंदुकांच्या परवानाधारक कारागीर मुनियप्पांचा निरोप आला: डोळे थकले, महिनाअखेर दुकान बंद.

"आता ठरवा, नाहीतर ठोकळ्याचे पाट करून घ्या," मी म्हटलं. "ही चौथी बघा. स्वस्त, गंज नाही. हिचं काय वाईट?"

"बोल्टची मूठ उजवीकडे आहे."

"मग? तुम्ही उजवेच की."

अण्णांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी नाही चालवणार. ही एनसीसीत डाव्या खांद्यावरून नेम धरायची. बक्षिसं आहेत. आमच्या घरी आली आणि आईनं तिचा डावा हात बंद केला. वाढणं, लिहिणं, सगळं उजव्यानं. मी समोर बसून जेवत होतो. गप्प." तक्ता बाजूला सारून म्हणाले, "डावी अ‍ॅक्शन परवडत नाही. आणि उजवी मी तिच्या हातात देणार नाही."

मी मुनियप्पांना फोन केला आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: दोन्ही हातांना सारखी चालेल अशी आहे का? होती. बाजूच्या मुठीऐवजी खाली तरफ असलेली, जुनी, सगळ्यांत स्वस्त. यादीतली सातवी. 'बोल्ट: नाही' असं लिहून मीच ती अण्णांना दाखवण्याआधी बाद केली होती.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. दोघांची लायसन्सं, नेमबाजीच्या क्लबचे कागद, सगळं माझ्या फाइलीत क्रमानं. "एकट्याला कंटाळा येतो," म्हणून अण्णांनी अक्कांनाही क्लबात ओढलं होतं.

दस्त्याची लांबी कोपरापासून बोटापर्यंतच्या मापावर ठरते. मुनियप्पा टेप घेऊन अण्णांकडे वळले.

"माझं नको. हिचं घ्या."

"माझं? वेड लागलंय यांना," अक्का हसल्या. पण टेप समोर आल्यावर त्यांनी मुकाट्यानं हात पुढे केला. उजवा.

अण्णांनी तो हलकेच खाली केला.

"हा नको," ते म्हणाले. "तुझा दे."