सगुणचं पाणमांजर

"हो कॉम्प्युटर ह्या घरांतल्यान भायर वचचो ना! हांव जिवो आसा मेरेन तरी ना!"

गोव्यातल्या सर्वण गावातल्या आपल्या घराच्या सोप्यावर उभं राहून सगुण गावसने ही घोषणा केली, तेव्हा श्रोते दोनच होते. एक त्याची बायको सुमंगला, आणि दुसरा कुंपणापलीकडून दात घासत बघणारा शेजारी कृष्णनाथ. पण आवाज असा लावला होता, की डिचोलीच्या बसस्टँडवरच्या कंडक्टरनेही दचकून डबल बेल मारली असती!

झालं होतं इतकंच, की म्हापशाला बिऱ्हाड केलेल्या गौरेशचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाचा फोन आला होता. बाबांच्या कॉम्प्युटरमधली सिस्टम आता जुनी झाली, कंपनी तिच्याकडे यापुढे बघणार नाही आणि नवी सिस्टम त्या म्हाताऱ्या यंत्राला पेलणार नाही, असं त्याने नीट समजावून सांगितलं. तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण तो पुढे म्हणाला, "बाबा, भंगार जालो तो. खंडेनवमीक येतां तेन्ना गाडयेंत घालून व्हरतां. तुमकां बरो लॅपटॉप हाडटां."

भंगार! सगुणच्या कानात कुणी तरी तापलेली सळई घातल्यासारखं झालं.

त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. सगुण खाणीच्या ऑफिसात कारकून होता. खाण बंद पडली तेव्हा कंपनीने सगुणला आणि त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला एकाच आठवड्यात बाहेर काढलं. कॉम्प्युटरवर निदान 'निकामी' असा कागद तरी चिकटवला होता, सगुणला तेवढाही मान मिळाला नाही! तो कागद फाडून, यंत्र मांडीवर घेऊन तो बसने घरी आला. तेव्हापासून त्या यंत्राला कुणी भंगार म्हटलं, की ते आपल्यालाच म्हटलं असं सगुणला वाटे. आणि खोटं का बोला, जरा वाईटही वाटे.

"आयकलें तूंवें?" तो सुमंगलेला म्हणाला. "खंडेनवमीक तो पांय दवरतलो तेन्ना कॉम्प्युटर चालू आसतलो! ना जालो, जाल्यार हांवूच ताच्या गाडयेंत नेवन दवरतां!"

"दवरात," सुमंगला शांतपणे म्हणाली. "ते सुवातेर म्हजें शिंवपाचें मशीन बसता. हांवें टेप लावन पळयलां." शिलाई मशीनसाठी ती जागा तिने एकदा नाही, दोनदा मापून ठेवली होती.

आता सगुण पेटला! त्याने मोबाइलवर शोधाशोध केली आणि कुठल्याशा थंड देशातल्या दाढीवाल्या माणसांनी हौसेने बनवलेली एक सिस्टम शोधून काढली. जुन्या यंत्रातही पळणारी, फुकट आणि कुणाच्या बापाची नसलेली! तिचं नाव उच्चारताना जिभेला गाठ बसायची, पण तिच्या चित्रात एक पाणमांजर उताणं पोहत होतं, म्हणून सगुणने तिचं नाव पाणमांजर ठेवलं. जगभरात ती वापरणारी माणसं आमच्या सर्वणच्या मतदारांपेक्षा कमीच असावीत. गौरेशने फोनवर हात जोडले. "बाबा, ती कोणूच वापरना! उपकार करा, पयलीं फोटो तरी पेनड्राइव्हार काडून दवरात! म्हज्या लग्नाचे आसात, केरीच्या आजयेचे आसात..."

"पेनड्राइव्ह एकूच आसा," सगुण म्हणाला, "आनी तातूंत पाणमांजर आसा!"

ही केरीची आजी म्हणजे सुमंगलेची आई. ती आता नव्हती. तिचे होते नव्हते ते सगळे फोटो याच यंत्रात होते. सुमंगला एवढंच म्हणाली, "म्हजे आवयचे फोटो गेले, जाल्यार जेवपाक हॉटेलांत वचात." ती असं शांतपणे बोलली, की समजायचं, ते होणारच.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, कुदळ, स्कूटर, शिलाई मशीन सगळं घासूनपुसून देवासमोर मांडतात आणि पूजा करतात. सुमंगला एकीकडे खतखत्याच्या भाजीचं वाटप मिक्सरमध्ये फिरवत होती, एकीकडे हत्यारं पुसत होती. सगुणने देवाचं नाव घेतलं, पेनड्राइव्ह खोचला आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. पाणमांजर नाही! करड्या रंगाची, आकड्यांनी भरलेली एक यादी आली. सगुणने बंद करून चालू केलं. पुन्हा यादी. पुन्हा बंद, पुन्हा चालू. यादी! जणू ती त्याच्याकडे कुत्सितपणे बघत होती.

"व्होल्टेज ना!" दारातून कृष्णनाथचा आवाज आला. कृष्णनाथ वीज खात्यातून निवृत्त झालेला, वयाने सगुणपेक्षा मोठा. त्याच्या मते माणसाला सर्दी झाली तरी तिचं मूळ कमी व्होल्टेजमध्येच असतं. "हांव स्टॅबिलायझर हाडटां!"

त्याने आपल्या फ्रिजचा स्टॅबिलायझर उपटून आणला. तो जोडला. यादी! मग त्याने प्लग उलटा केला. यादी! मग तो म्हणाला, "अर्थिंग पळोवया," आणि सगुण 'नको' म्हणेपर्यंत बोर्डाचा स्क्रू काढलाही. 'फट्ट!' असा आवाज झाला, घरातला पंखा थांबला, मिक्सर थांबला आणि स्वयंपाकघरातून सुमंगलेचा आवाज चालू झाला.

"म्हजें वाटप अर्धें रावलें! सणाच्या दिसा! कोणें केलें हें?"

दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत उभे राहिले. फ्यूज बसवला, मिक्सर फिरला, तरीही सुमंगलेचा राग उतरेना. "पुजेक दवरपाचें तें हांगा दियात! सगळें निवळ करचें पडटलें!" असं म्हणून तिने कीबोर्ड ओढून घेतला, अंगणात नेला आणि सुपात तांदूळ पाखडावेत तसा दोन्ही हातांनी झटकला. काय काय पडलं म्हणून सांगू! शेवेचे तुकडे, बडीशेप, एक काडी आणि गेल्या खंडेनवमीला त्यावर वाहिलेल्या अक्षता! त्यातला एक तांदूळ वर्षभर आत फिरून नेमका आज कोपऱ्यातल्या बटणाखाली रुतून बसला होता, आणि ते बटण आपोआप दाबलेलं राहत होतं. म्हणूनच ती करडी यादी आल्याशिवाय राहत नव्हती. आपल्या हत्याराच्या पूजेनेच हत्यार अडवलं होतं!

कीबोर्ड परत जोडला, बटण दाबलं आणि पडद्यावर पाणमांजर उताणं पोहत आलं!

"हांवें म्हणलेलें! अर्थिंग!" कृष्णनाथ ओरडला.

आता पाणमांजराने भाषा विचारली. यादीत मराठी नव्हती, कोंकणी नव्हती, हिंदीही नव्हती. इंग्लिश होती, जर्मन होती, आणि पोर्तुगीज होती! सगुण इंग्लिशवर बोट ठेवणार, तोच कृष्णनाथने छाती पुढे काढली.

"इंग्लिश? ती गौरेशाक येता. तो येवन चुकी काडटलो. पोर्तुगेज घाल! पोर्तुगेजांच्या काळार हांव दोन यत्तो शिकलां!"

सगुणला हे फार पटलं. मुलाला जी भाषा कळत नाही, त्या भाषेत जिंकायचं! त्याने पोर्तुगीज दाबलं. पडद्यावर एक लांबलचक प्रश्न आला, खाली दोन चौकटी.

"कितें म्हणटा?" सगुणने विचारलं.

कृष्णनाथने चष्मा पुसला. परत पुसला. खरी गोष्ट अशी होती, की त्या दोन यत्तांत तो एकच गोष्ट पक्की शिकला होता. मास्तर काहीही विचारो, उभं राहून 'सिम, सेन्योर' म्हणायचं. म्हणजे 'होय, साहेब'. तेवढं म्हटलं की छडी चुके. पण हे आता कसं सांगणार?

"साधें आसा," तो म्हणाला. "सिम दाब."

सगुणने 'सिम' दाबलं. दुसरा प्रश्न आला. "सिम!" तिसरा आला, त्यात लाल अक्षरं होती. "सिम! सिम!" कृष्णनाथला आता चेव चढला होता. शाळेत कधी मिळाली नाही ती शाबासकी त्याला पडदा देत होता. हिरव्या पट्ट्या पुढे सरकत होत्या, आणि शेवटी सुंदर निळं पाणी, एका कोपऱ्यात घड्याळ, खाली चित्रांची रांग!

"चल्लो!" सगुणने अशी आरोळी ठोकली, की पूजेच्या पाटावरची घंटा हलली. म्हातारं यंत्र जिवंत होतं! त्याला वाटलं, खाणीतल्या त्या सगळ्या साहेबांना एकेक करून इथे आणावं आणि दाखवावं.

नेमकी तेव्हाच गौरेशची गाडी आली. तो आत आला, पडदा बघितला आणि थक्क झाला. "बाबा! खऱ्यांनीच केलें तुमी!"

"भंगार खंय आसा?" सगुणने नाटकात विचारतात तसं विचारलं. "दाखय! भंगार खंय?"

"पूण हें पोर्तुगेजींत कित्याक?"

"आमचें आमी पळयतां!"

इतक्यात पडद्याच्या मधोमध एक नवी चौकट उगवली. कृष्णनाथचं बोट आपोआप पुढे झालं. "सिम!"

"रावात काका!" गौरेशने त्याचा हात वरच्यावर धरला. खिशातला मोबाइल काढून त्याने पडद्यासमोर धरला. मोबाइलने ती पोर्तुगीज वाचून उलगडून दाखवली. गौरेशने वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्याला हसू आवरेना.

"बाबा, हें अजून बसूंकूच ना! सगळें पेनड्राइव्हारूच चलता. जात्रेंत खाजें विकतले चाखपाक दितात, तशें तुमकां चाखपाक दिलां. पयल्याच प्रस्नाक तुमी 'पयलीं चाखून पळयतां' म्हणून होय म्हणलां! आनी आतां विचारता, डिस्कारचें सगळें पुसून कायम बसोवं? होय वा ना?"

कृष्णनाथ छताकडे बघू लागला.

"दाबात," गौरेश म्हणाला. "दाबलें, जाल्यार फोटो गेले. ना दाबलें, जाल्यार बसूंक ना, म्हणजे तुमी हारले. आनी हारले, जाल्यार हें भंगार हांव व्हरतां."

सुमंगला ओल्या हातांनी दारात उभी होती. तिची नजर पडद्यावर नव्हती, नवऱ्याच्या तोंडाकडे होती. ते तोंड खाणीतून परतलेल्या दिवशी जसं होतं तसंच झालं होतं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

"गौरेशा," ती म्हणाली, "घरच्या वस्तूक भंगार म्हणूंक जायना. सणाच्या दिसा तर न्हयूच."

सगुणने तिच्याकडे बघितलं. मग त्याची मान हळूहळू ताठ झाली. "कुंकू हाड!"

ती वाट बघतच असावी! कुंकवाचा करंडा घेऊन ती आली. पडद्याला बोट लागलं, कॉम्प्युटरच्या डब्याला बोट लागलं, वर जास्वंदीचं फूल चढलं आणि पेनड्राइव्हवरही तिने चार अक्षता टाकल्या. सगुणने उदबत्ती ओवाळली आणि मुलाकडे वळून गर्जना केली, "पुजा जाली! पुजा केल्लें हत्यार दुसऱ्या दिसा मेरेन हालोवचें न्हय! ना पेनड्राइव्ह काडचो, ना बटण दाबचें, ना गाडयेंत घालचें! जाय जाल्यार भटजीक विचार!"

"आनी फाल्यां?" गौरेशने विचारलं.

"फाल्यां दसरो! दसऱ्याक सोनें घरांत हाडटात, घरांतलें भायर काडिनात!"

"आनी परवां?"

"परवां तुजी ड्युटी आसा! जेव आनी घरा वच!"

आज कॉम्प्युटर तिथेच आहे. पेनड्राइव्ह चिकटपट्टीने डब्याला बांधून टाकलाय. शिलाई मशीन शेजारी दाटीवाटीने बसलंय आणि सुमंगलेच्या कापडांचे तुकडे त्यावर आले, की तीच ते उचलून घेते. रोज सकाळी पाणमांजर पोहत येतं आणि तोच प्रश्न विचारतं, कायम बसवू का? सगुणने गौरेशच्या मोबाइलवरून पोर्तुगीजमधला 'नाही' शोधून पाठ केलाय. तो बटण असं ठासून दाबतो, की टेबल हलतं.

परवा कृष्णनाथने हळूच विचारलं, "सगुणा, रोज चालू करता, पूण ताचेर तूं कितें करता रे?"

सगुणने पडद्यावरच्या निळ्या पाण्यावर चिकटलेला कापडाचा धागा बोटाने टिपला.

"कोणाक खबर!" तो म्हणाला. "सगळें पोर्तुगेजींत आसा न्हय! पूण चलता मरे!"