उजवी पानं

पिकर्सगिलसरांनी पेटी उघडली. आत अठ्ठावीस पुस्तकांची कव्हरं होती. नुसती कव्हरं.

"पानं कुठे गेली, मिसेस सगडेन?"

"तुम्हीच म्हणालात, उजवी पानं फाडून टाका," शाळेची देखभाल बघणाऱ्या बाई म्हणाल्या. "एक फाडलं की पुढचं उजवीकडे येतं. सगळीच उजवी निघाली, सर! रद्दीची गाडी सकाळीच गेली."

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं. डावीकडे जुनी इंग्रजी, उजवीकडे तेच आजच्या सोप्या भाषेत. मुलं उजवीकडेच वाचायची. "हा चावून दिलेला घास आहे!" असं वर्षभर ओरडून सरांनी काल तो हुकूम सोडला होता. आणि आज मुख्याध्यापिका ऑर्मेरॉड तासाला बसणार होत्या. पुढच्या वर्षी जुनी भाषा ठेवायची की नुसती सोपी, ते ठरवायला.

डावीकडे, सर वर्गाला म्हणाले: "आज आपण ग्रंथाविना नाटकाच्या अंतरंगात शिरू."

उजवीकडे: पुस्तकं गेली. देवा, वाचव.

तीस वर्षं शिकवलेला प्रवेश. म्हातारा बाप जहाजावर निघालेल्या मुलीला निरोप देतो. सरांनी डोळे मिटले.

"जा कन्यके! शिडांत तुझिया माझाचि निःश्वास भरो... भरो..."

पुढचं येईना. ऑर्मेरॉडबाईंचं पेन उचललं गेलं.

"दाराला कडी लावणार नाही," मागून हळूच आवाज आला. डेमेल्झा टॉर्डॉफ. सोमवारी उजवं पान वाचताना पकडली गेलेली. "उशीर झाला तरी ये, पोरी. दिवा चालू ठेवतो."

"अर्गला न घालीन द्वारी!" सरांना एकदम आठवलं. "विलंब जरी जाहला, दीप जागा राहील!" मग थांबून, "तुला पाठ कसं गं?"

"बाबा समुद्रात तेलाच्या विहिरीवर असतात ना, सर. फोनवर वाचून दाखवते. डावीकडचं वाचलं तर म्हणतात, बाळा, रेंज गेली वाटतं."

वर्ग खिदळला. सरांनी तिला पुढे बोलावलं, आपल्या उजव्या हाताला उभं केलं. ती एक ओळ सांगे, सरांना तिची जुनी ओळ आठवे. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

ऑर्मेरॉडबाईंनी वही मिटली.

"मग, मॅडम," सरांनी घसा साफ केला, "पुढच्या वर्षी कुठलं पान ठेवायचं?"

"एक काढून दुसरं ठेवता येत नाही हो," बाई म्हणाल्या. "मिसेस सगडेननी करून बघितलंय."