कुन्नूरचं झुडूप

विद्याधरने मारुतीच्या डिकीतून ऱ्होडोडेंड्रॉनचं झुडूप उतरवलं आणि त्याच दमात सांगून टाकलं, "वहिनी, बेंगळुरात हे जगणं कठीण. इथलं बोअरचं पाणी त्याला विषासारखं. शिवरात्रीला येतो. मान टाकलेली दिसली तर कुन्नूरला परत नेईन."

"तुमच्या अण्णांना मी इथंच जगवलंय," अंबुबाई म्हणाल्या. "ठेवा त्या सावलीत."

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा हेब्बाळच्या घरांभोवती माती शिल्लक होती आणि अंबुबाईंनी लावलेलं झाड मेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आता धाकट्या दिरासमोर नाव राखायचं, तर ते झुडूप जगायला हवं होतं.

त्याला आंबट माती लागते, एवढं विद्याधर सांगून गेला होता. अंबुबाईंनी फिल्टरमधला कॉफीचा चोथा घालायला सुरुवात केली. घरचा पुरेना, म्हणून डबा घेऊन त्या गल्लीत निघाल्या. पण दारी आलेल्या बाईच्या हातावर नुसता चोथा ठेवायची त्या गल्लीत रीत नव्हती.

"असं कसं अक्का," शेजारची कौशल्या म्हणाली, "बसा, स्वल्प कॉफी घ्या."

प्रत्येक घरी हेच. डबा भरेपर्यंत अंबुबाईंच्या छातीत धडधडायला लागे. तरी त्या रोज जात.

कौशल्येकडची कॉफी जुन्या पद्धतीची, गूळ घालून उकळलेली. तिच्या गोड चोथ्याला मुंग्या लागल्या. त्या दिसल्या अंबुबाईंच्या नवऱ्याला, व्यंकोजीरावांना. मुंग्या असोत, भिंतीची ओल असो की गांधीलमाशीचा डंख, त्यांच्याकडे औषध एकच होतं, चुना. झुडपाला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी तो गुपचूप बुंध्याशी ओतला.

चुन्याने मातीचा आंबटपणा मारला आणि पानं पिवळी पडली. आंबटपणा कमी पडतोय, असं ठरवून अंबुबाईंनी चोथा वाढवला. मुंग्या वाढल्या. त्यामुळे चुनाही वाढला.

एका संध्याकाळी कॉफीने पोटात आग पडली, म्हणून अंबुबाई अर्ध्या वाटेतून परतल्या. झुडपाशी नवरा बादली घेऊन उकिडवा बसलेला.

"काय घालताय?"

"चुना. मुंग्यांना."

"कधीपासून?"

"तू चोथा घालायला लागलीस तेव्हापासून."

अंबुबाई पायरीवर बसल्या. चूक अर्धी आपलीही आहे, हे त्यांना कळलं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सगळी माती उपसली, कुजलेल्या पानांचं खत भरलं आणि मुळं वरच्यावर राहतील असं झुडूप बसवलं. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी त्यालाच राखून ठेवलं. व्यंकोजीरावांना मोगऱ्याकडे धाडण्यात आलं.

शिवरात्रीपर्यंत चार कोवळी पानं फुटली. फुलाचा पत्ता नव्हता. विद्याधरची गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा अंबुबाई पदर खोचून झुडपापुढेच उभ्या राहिल्या.

"फूल नाही आलं. पण झुडूप मिळणार नाही, भाऊजी."

विद्याधर खाली वाकून कितीतरी वेळ पानं बघत राहिला. मग म्हणाला, "न्यायला नाही आलो, वहिनी. माझी तिकडची दोन्ही गेली, मुळं कुजून. तिसरं तेवढं उरलंय, ते तुमच्याकडे ठेवायला आणलंय."

त्याने डिकी उघडली. आत एक पिवळं पडलेलं झुडूप गोणपाटात आडवं होतं.

अंबुबाईंनी त्याची दोन पानं उलटून पाहिली.

"जगेल," त्या म्हणाल्या. "पण मागच्या दारानं आणा. ह्यांना पिवळं पान दिसलं की चुना आठवतो."