मास्तरांच्या छातीवरचा चट्टा

पोहण्याच्या तलावाच्या दारात शिट्टीमास्तरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाचा पाय ओला होत नसे. "उजेडात या. हात वर. वळा. बोटं फाका." एवढी कवायत झाली की मगच पाण्यात उतरायची मोकळीक. अंगावर कुठे नायटा, खरूज, पुरळ दिसलं की शिट्टी वाजलीच. "बरे होऊन या!" कुणी हुज्जत घातली तर उत्तर तयार असे, "मला शिकवू नका. वीस वर्षं माणसांची कातडी बघतोय."

अशा माणसाच्या ऐन छातीवर एका सकाळी लाल, गोल, खाजरा चट्टा उगवावा, याला नशिबाचा चावटपणाच म्हणायचं. मास्तरांनी न्हाणीघराचं दार लावून आरशात पाहिलं, खिडकीपाशी सरकून उजेडात पाहिलं आणि स्वतःच निकाल दिला. गजकर्ण! दुसऱ्या कुणाच्या छातीवर असता तर त्यांनी लांबूनच शिट्टी फुंकली असती.

त्यात पुढच्या रविवारी तलावाच्या वार्षिक स्पर्धा होत्या आणि पहिली उडी मास्तरांनी मारायची, हा शिरस्ता. उघड्या अंगाने, सगळ्यांसमोर. ज्यांना ज्यांना दारातून परत पाठवलं ती सगळी मंडळी खुर्च्यांवर बसून ही छाती बघणार, या विचारानेच त्यांना घाम फुटला. घाम आला की चट्टा आणखी चुरचुरे.

ते थेट दोन गल्ल्या पलीकडच्या औषधांच्या दुकानात गेले.

"गजकर्णावर काहीतरी जालीम द्या."

"कुणाला झालंय?" दुकानदाराने विचारलं.

"मित्राला."

"मग मित्राला म्हणावं, आधी डॉक्टरला दाखव."

"मित्राला त्यातलं सगळं कळतं," मास्तर म्हणाले आणि मलमाची नळी खिशात घालून निघाले.

मलम मात्र गुणाचं निघालं. एका रात्रीत खाज थांबली. सोमवारी तलाव बंद असतो, त्या दिवशी तर चट्टा शोधावा लागला. मास्तर गालातल्या गालात हसले. मंगळवारी तलाव उघडला आणि संध्याकाळपर्यंत चट्टा पुन्हा लालबुंद! मास्तरांनी ताबडतोब तर्क लढवला. घरी राहिलं की बरं वाटतं, तलावावर गेलं की वाढतं. म्हणजे हे लोकांकडूनच येतंय. दारात कुणीतरी आपल्या नजरेतून निसटतोय!

मग तपासणीला काही धरबंधच उरला नाही. डास चावलेले परत गेले. बोटाला शाई लागलेला एक कारकून परत गेला. मास्तर स्वतः पाण्यात न उतरता गळ्यापर्यंत बटणं लावून काठावरूनच शिकवू लागले.

"मास्तर," व्यवस्थापक म्हणाले, "आज तलावात तीन माणसं आहेत."

"पण तिघंही निर्मळ आहेत, साहेब."

इकडे घरातही मास्तरांनी बंदोबस्त केला. आपला टॉवेल वेगळा, साबण वेगळा, झोपणं बाहेरच्या खोलीत. बायकोने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. "उकडतंय," एवढंच उत्तर. नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या होत्या. जावई आपल्याला पाहून टॉवेल उचलून पळतो, हे त्यांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरायला घेतली.

"आई, अगं काय झालं?"

"ज्या घरात माझ्या हाताचा साबणही चालत नाही, तिथे राहून काय करू? लोचट नाही हो मी!"

बायकोने मास्तरांकडे असं पाहिलं की खोटं बोलायची सोयच उरली नाही. मास्तरांनी दार लावलं, बटणं सोडली, बनियन वर केली.

"अगं बाई!" सासूबाईंनी चष्मा लावला. "एवढ्यासाठी? जावईबापू, मला वाटलं मीच नकोशी झाले. चला आधी डॉक्टरकडे!"

"कुणी ओळखीचं भेटलं म्हणजे?"

"भेटू दे. तेही काही सत्यनारायणाला नसतील आले," बायको म्हणाली.

त्वचेच्या डॉक्टरांचा नवा दवाखाना थोडा लांबच होता. मास्तर तोंडाला रुमाल लावून, मलमाची नळी हातात घेऊन आत गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढायला हात पुढे केला, तशी मास्तरांची नजर त्यांच्या मनगटावरच्या पांढऱ्या डागावर पडली. गेल्या महिन्यात याच डागावरून याच बाईंना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. "अहो, मी स्वतः..." असं त्या म्हणत होत्या, पण मास्तरांनी वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

बाईंनीही ओळखलं. पण चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

"उजेडात या," त्या म्हणाल्या. "हात वर. वळा. बोटं फाका."

मास्तर मुकाट्याने वळले.

"गळ्यात ही दोरी कसली?"

"शिट्टीची. दोन महिन्यांपूर्वी सभासदांनी सत्कारात दिली. वाकलं की हिंदकळते, म्हणून बनियनच्या आत ठेवतो."

बाईंनी दोरी सोडून दिली. डब्यावर झाकण बसावं तशी शिट्टी बरोबर चट्ट्यावर बसली.

"सोमवारी घालता?"

"नाही. सोमवारी खुंटीला..." मास्तरांनी मान खाली घालून शिट्टीकडे पाहिलं.

"गजकर्ण नाही हे. तुमच्या कातडीला या धातूचं वावडं आहे. तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही."

मास्तरांच्या डोक्यावरून मणाचं ओझं उतरलं. त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणजे रविवारी उडी मारू?"

"खुशाल मारा. ही शिट्टी कपाटात ठेवा, प्लॅस्टिकची घ्या. आणि ते मलम फेका. त्यात तीन औषधं एकत्र कालवलीत. खरंच गजकर्ण असतं तर आधी दबलं असतं आणि मग अंगभर पसरलं असतं. मी साधं मलम देते, पातळ थर लावा." त्यांनी आपलं मनगट पुढे केलं. "आणि हे कोड. हेही कुणाला लागत नाही. त्या दिवशी तेच सांगत होते."

"बाई, चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "या पोहायला. रविवारीच या."

रविवारी मास्तर दारात उभे होते. गळ्यात पिवळी प्लॅस्टिकची शिट्टी, शर्टावरून. मागे सासूबाई नातेवाइकांच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या, मांडीवर मास्तरांचाच टॉवेल घेऊन. रांगेत शाईवाला कारकून होता, डास चावलेले होते आणि सगळ्यांत पुढे डॉक्टरीणबाई.

"या, या!" मास्तर लगबगीने बाजूला झाले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "असं कसं? नियम म्हणजे नियम. आधी तुम्ही."

मास्तरांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं, शर्ट काढला, न सांगता उजेडात सरकले, हात वर केले, वळले आणि दहाही बोटं फाकली. छातीवर फिकटसा गुलाबी गोल उरला होता.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "सोडा यांना आत."

कारकुनाने तोंडात दोन बोटं घालून खणखणीत शिट्टी वाजवली आणि मास्तर हसत हसत उडी मारायला निघाले.