ग्रेसी टीचर खोटं बोलत नाहीत

माझ्या लग्नाच्या रिसेप्शनला फोटोग्राफर "स्माइल, स्माइल" म्हणून ओरडत असताना ग्रेसी टीचर स्टेजवर आल्या. त्यांनी माझ्या हातात पाकीट ठेवलं, माझ्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मुलगा बरा हाय. तू आज बरी दिसत नायस. तोंडाला काय थापलंय हे?" शेजारीच सासूबाई उभ्या होत्या. त्या फोटोत माझं तोंड उघडं आहे, नवरा पोट धरून हसतोय आणि ग्रेसी टीचर शांतपणे कॅमेऱ्याकडे बघताहेत. फोटो काढून टाकावा असं किती वेळा मनात आलं, पण अख्ख्या अल्बममध्ये आम्ही माणसांसारखे दिसतोय तो तेवढा एकच.

दहिसरच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवते, ग्रेसी टीचर विज्ञान. पूर्ण नाव ग्रेस परेरा. बोरिवलीला खाडीच्या बाजूला एक जुनं गावठाण आहे, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मध्ये काही बैठी घरं तग धरून आहेत. त्यातल्या एका घरात त्या एकट्या राहतात. लग्न का केलं नाही, असं आमच्या एका नव्या शिक्षिकेने एकदा डबा खाता खाता विचारलं. बिचारीला माहीत नव्हतं, की यांना प्रश्न विचारायचा तर उत्तर ऐकायची तयारी लागते.

"ज्याने विचारलं तो मला आवडला नाय. जो आवडला त्याने विचारलं नाय. खोटं कशाला बोलू?" ग्रेसी टीचर म्हणाल्या. मग तिच्या डब्यातली भाजी चाखून, "हे पण बरं झालं नाय," असंही सांगितलं.

"खोटं कशाला बोलू?" हे त्यांचं पालुपद. स्नेहसंमेलनानंतर मुख्याध्यापकांनी हौसेने विचारलं, "टीचर, भाषण कसं झालं?" उत्तर आलं, "लांब." पालकसभेत एका वडिलांना त्यांनी सांगितलं, "मुलगा गोड हाय. विज्ञानात त्याचं काही होणार नाय. गातो चांगला, तिकडे लक्ष द्या." वडील चिडून निघून गेले. तोच मुलगा पुढे वर्षभर त्यांच्या मागे मागे फिरत होता, कारण तो गातो हे आजवर कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

मग पास्कू आला. ईस्टरच्या दिवशी शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे हे पिल्लू कुंईकुंई करत होतं. रंग मातकट, एका कानाचा तुकडा गेलेला. रविवार असूनही टीचर प्रयोगशाळेतलं काम उरकायला चर्चमधून परस्पर शाळेत आल्या होत्या, त्यांनी त्याला ओढणीत गुंडाळून घरी नेलं आणि ईस्टरला पोर्तुगीजमध्ये पास्कुआ म्हणतात, त्या सणाला मिळाला म्हणून नाव ठेवलं पास्कू. गावठाणातल्या एका म्हाताऱ्याने हरकत घेतली, की माझ्या मेलेल्या भावाचं नाव तुम्ही कुत्र्याला देता? "तुझ्या भावापेक्षा हा शांत हाय," टीचर म्हणाल्या. म्हाताऱ्याने थोडा विचार केला आणि विषय सोडून दिला.

पास्कू खरोखरच शांत होता. टीचर त्याला घेऊन शाळेत यायच्या आणि तो व्हरांड्यात पडून राहायचा. आमच्या पाचवीत तन्वी नावाची मुलगी होती. अडखळत बोलायची, म्हणून वर्गात तोंडच उघडायची नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत बघते तर ही पास्कूच्या पोटाला टेकून मोठ्याने धडा वाचतेय. अडखळतेय, थांबतेय, पुन्हा सुरू करतेय. आम्हा शिक्षकांचं तोंड चूक कानावर पडली की आपोआप उघडतं. पास्कू फक्त जांभई द्यायचा.

त्यानंतर रीतसर सगळं झालं. मुलांसोबत बसवायचे कुत्रे तयार करणाऱ्या एका संस्थेची माणसं आली. त्यांनी पास्कूचे कान ओढले, शेपूट ओढलं, त्याच्या डोक्याशी पातेली आपटली. पास्कू पास झाला. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली रिकामी करून तिथे सतरंजी टाकली आणि तिचं नाव पडलं वाचनखोली. पास्कूच्या गळ्यात फोटोसकट ओळखपत्र आलं. वाचताना अडणारी, घरी मार खाणारी, आई सोडून गेलेली, अशी सगळी पोरं त्या सतरंजीवर येऊन बसायला लागली. मोठ्या शाळांत यासाठी समुपदेशक असतात. आमच्याकडे पास्कू होता.

टीचर पास्कूशीसुद्धा खोटं बोलत नसत. लोक कुत्र्याला बिस्किट दाखवून गुपचूप दार ओढून घेतात. या दारात उभ्या राहून सांगायच्या, "मी बाजारात चालले. उशीर होणार. तुला नेणार नाय." गावठाणाच्या बोलीत शाळेची शाला होते. "पास्कू, शाला!" एवढं म्हटलं की त्याचं शेपूट जमिनीवर धपधप आपटायला लागायचं. रविवारी त्या हा शब्द चुकूनही तोंडातून काढत नसत. उगाच आशा लावायची नाय, म्हणायच्या.

गाठ लागली तीही तन्वीच्याच हाताला. "टीचर, पास्कूच्या गळ्यात गोट्या आहेत," ती सांगत आली. हे वाक्य ती एकदाही न अडखळता बोलली होती. संध्याकाळी मी टीचरांबरोबर डॉक्टरकडे गेले. तपासण्या झाल्या आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे, गाठी अंगभर पसरल्यात.

"बरा होणार?"

"टीचर, आपण प्रयत्न करू..."

"डॉक्टर, बरा होणार?"

"नाही. इंजेक्शनं घेतली तर काही महिने बरे जातील."

"असं बोला," टीचर म्हणाल्या आणि पास्कूकडे वळल्या. "ऐकलंस? सुई टोचणार. दुखणार. थोडं नाय, बरंच दुखणार. मग थांबणार." डॉक्टर हसून म्हणाले, त्याला काय कळतंय? "तुमाला कळतंय ना? मग हळू टोचा."

शाळेत बैठक बसली. मुलांना काय सांगायचं? मुख्याध्यापकांनी तोडगा काढला होता. पास्कू निवृत्त झाला, वसईला एका शेतावर राहायला गेला, असं सांगू. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. ग्रेसी टीचर म्हणाल्या, "मग सहल काढा वसईला. पोरं विचारतील, शेत कुठाय?" वसईचं शेत तिथेच बारगळलं. एका पालक प्रतिनिधीने दबकत शंका काढली, की पोरं त्याला बिलगतात, हे लागत तर नाही ना? "कॅन्सर लागत नाय. तुमचा खोकला लागतो. तो रुमालात खोका."

इंजेक्शननंतरचे दिवस पास्कूने घरी राहायचं आणि बरं वाटलं की यायचं, असं ठरलं. मुलांना टीचरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. मी वर्गाच्या दारात उभी होते.

"तो मरणार?" एकाने विचारलं.

"हो."

"कधी?"

"माहीत नाय. मला कळेल तेव्हा तुमाला सांगीन. लपवणार नाय."

पोरं रडली. पण दुसऱ्या दिवशी वाचनखोलीबाहेर नेहमीपेक्षा मोठी रांग होती.

मला मात्र टीचरांचा राग आला होता. रिक्षास्टँडकडे चालताना मी म्हटलं, "लहान आहेत हो ती. थोडं झाकून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" पास्कू दोघींच्या मध्ये हळूहळू चालत होता. त्या त्याच्यासाठी थांबल्या.

"माझी आई हॉस्पिटलमध्ये होती ना, तेव्हा सगळे तिला सांगायचे, उद्या घरी. डॉक्टर, मावशी, फादर, सगळे. मीपण. आई रोज सकाळी पिशवी भरायची. फणी, जपाची रोजरी, चादर. केस विंचरून खाटेवर बसून राहायची. संध्याकाळी परत पिशवी रिकामी करायची. कुणी खरं सांगितलं असतं तर माझ्याशी दोन शब्द बोलली असती गं. ती पिशवीच भरत राहिली."

पास्कूने खांबाशी आपलं काम उरकलं आणि आम्ही पुढे निघालो.

काही महिने खरंच बरे गेले. तन्वी सहावीत गेली, वर्गात हात वर करायला लागली. मग इंजेक्शनांचा गुण येईनासा झाला. पास्कू अंगाने उतरला, गळा सुजला, श्वास घेताना घरघर यायला लागली. टीचर त्याला रिक्षातून आणायच्या आणि उचलून सतरंजीवर ठेवायच्या. एक दिवस एक मुलगी वाचत असताना त्याला ठसका लागला, तो काही केल्या थांबेना. ती बिचारी पुस्तक मिटून, हुंदका गिळत बसून राहिली. त्यानंतर टीचरांनी त्याला आणलं नाही. तो भातसुद्धा खाईनासा झाला, तेव्हा त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन केला.

शनिवारी दुपारी डॉक्टर घरी आले. मीही गेले होते. पास्कू ओट्याखालच्या थंड लादीवर पडला होता. डॉक्टरांनी शेवटची सुई तयार केली आणि थांबले. इतक्या महिन्यांत त्यांना सवय झाली होती. टीचर आधी पास्कूला सांगणार, मग आपण टोचायचं.

टीचर खाली बसल्या. गुडघा दुखतो म्हणून एरवी कधी जमिनीवर बसत नाहीत. त्यांनी त्याचा तुटका कान हातात घेतला. "पास्कू," म्हणाल्या. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं आता सांगतील, आणि ते ऐकायला मी तिथे नसते तर बरं, असंही वाटलं.

"उद्या शाला हाय, पास्कू," त्या म्हणाल्या. "सकाली उठायचंय ना? मग नीज आता, बाला."

पास्कूचं शेपूट लादीवर आपटलं. हळू, पण आपटलं. टीचरांनी मान हलवून डॉक्टरांना खूण केली.

रविवारी सकाळी शाळेच्या वॉचमनचा फोन आला. "मॅडम, परेरा टीचर आल्यात. आज सुट्टी हाय बोललो, तर ऐकत नायत. काय करू?" मी जोगेश्वरीच्या माझ्या घरून रिक्षा केली. वाटेत नाही नाही ते विचार मनात आले.

वाचनखोलीचं दार उघडं होतं. टीचर सतरंजीवर बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, मांडीवर पास्कूचा पट्टा. मी दारातूनच म्हटलं, "टीचर, आज रविवार आहे."

"माहीत हाय मला. वेडी नाय झाले." त्यांनी पट्ट्यावरची माती नखाने काढली. "त्याला सांगितलं ना, उद्या शाला हाय म्हणून. मग कुणीतरी यायला नको?"

मी त्यांच्या शेजारी बसले. रविवारची रिकामी शाळा मी कधी पाहिली नव्हती. नळ गळत होता, तो आवाज इथपर्यंत येत होता.

"आईला सगळे का तसं सांगायचे, ते काल कळलं," त्या म्हणाल्या. "तोंडातून दुसरं निघतच नाय." मग म्हणाल्या, "उद्या पोरांना मी सांगीन. त्यांना खरंच सांगीन. आज तू वाच काहीतरी. खोली उघडलीय तर कुणीतरी वाचायला पाहिजे."

मी फळीवरचं हाताला लागेल ते पुस्तक घेतलं आणि वाचायला लागले. पाचवीचं होतं, कसल्याशा कावळ्याची गोष्ट. अर्ध्या पानावर त्यांनी मला थांबवलं.

"सरिता, मी लवकर तर नाय केलं? अजून थोडे दिवस होते का त्याचे?"

"नाही टीचर. वेळेवर केलंत."

"खरं सांगतेस?"

"खरं."

खरं काय ते मला ठाऊक नव्हतं, कुणाला ठाऊक असणार? ग्रेसी टीचर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटच्या बाकावरच्या मुलाची थाप त्यांना फळ्याकडे तोंड असताना कळते. मी नजर वळवली नाही, पण डोळे भरून आले. तेव्हा त्यांनीच मान खाली घातली.

"बरं," म्हणाल्या. "वाच पुढे."

मी वाचत राहिले. पानाच्या शेवटी एक अख्खी ओळ चुकीची वाचली गेली. ग्रेसी टीचरांनी ती ऐकली, आणि काही बोलल्या नाहीत.