मास्तरांचा कापूर

गुंडप्पा मास्तर वर्गात यायच्या आधी त्यांच्या खिशांचा वास यायचा. एका खिशात अत्तराची कुपी, दुसऱ्यात कापराची डबी. परंड्याचे डास त्या वासाला कंटाळून सरहद्द ओलांडून बार्शीला हिंदुस्थानच्या आश्रयाला गेले, हे मी शपथेवर सांगतो. माणसंही जात होती म्हणा. निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. गल्लोगल्ली कुलपं लटकलेली, आणि शाळा सुतकात असल्यासारखी भरायची.

मी गणित शिकवायचो, ते शेजारी इंग्रजी. मध्ये नुसता पत्रा. एकेक शब्द ते आठवडाभर शिकवत, आणि त्यात लाडका एकच: व्होलाटाइल. "आधी नाक, मग अक्कल," हे त्यांचं पालुपद. बाकावर कापराची वडी ठेवायची, पोरांना वास घ्यायला लावायचा, आणि शनिवारपर्यंत वडी झिजली की विचारायचं, "गेली कुठं? कुणी खाल्ली न्हाय, कुणी जाळली न्हाय. आपसूक हवेत उडाली. हा खरा अर्थ. आता माणसाला लावा."

पोरं तहसिलातल्या पेशकाराचं नाव घेत, कारण तो हसता हसता दौत फेकून मारायचा. "बरोबर. ज्याच्या मिजाजाचा भरवसा न्हाय, तो बी व्होलाटाइल." पुढं पुढं तर घोड्यानं लाथ झाडली की टांगेवालासुद्धा याच शब्दानं सवारीची समजूत घालू लागला.

अशात हैदराबादेहून नाझिरसाहेब शाळेच्या तपासणीला आले. मागच्या खेपेला चित्रकलेच्या मास्तरांना त्यांनी आदिलाबादच्या जंगलात धाडलं होतं. तिथं म्हणे वर्गात पोरांपेक्षा अस्वलं जास्त, आणि इंग्रजी कुणालाच नको. इंग्रजी काढून घेतली तर गुंडप्पा मास्तरांजवळ उरणार काय होतं?

मास्तरांनी साहेबांचा मान म्हणून, देवापुढं मांडावं तसं, टेबलावर पांढरंशुभ्र कापड अंथरलं आणि त्यावर कापराची रास ठेवली. साहेब आत आले, वास आला, आणि जागीच थिजले. "ये किसने रखा?" एवढंच विचारून, धडा न ऐकता निघून गेले.

शिपाई महबूबचाचा माझ्या कानाशी लागले. "मास्तर, हमारे में काफूर मय्यत कू लगाते. सफेद कपडा, काफूर... साब की बेगम इसी रमजान में गुजर गये."

शिक्षकांच्या खोलीत सगळे गुंडप्पांकडं असे बघू लागले, जणू आदिलाबादची बैलगाडी दारात जुंपलेलीच आहे.

संध्याकाळी त्यांनी मला डाकबंगल्यावर ओढत नेलं. "गणितवाले, तुमी नुसतं उभं ऱ्हावा." साहेब व्हरांड्यात बसलेले. चहावर साय धरलेली. चार भाषांत बडबडणारे मास्तर हात जोडून एवढंच बोलले, "हमारे में भगवान के सामने रखते, साब. इज्जत करना था."

साहेब म्हणाले, बदली-बिदली काही नाही, उद्या वर्ग घ्या. आणि अंधुक होत चाललेल्या फाटकाकडं बघत हळूच म्हणाले, "उनके कमरे से तो ये बू भी उड़ गई थी, मास्टर साहब. आज अचानक मिली. मुझसे बैठा नहीं गया."

मास्तर पायरीवर टेकले. "आमची गौरव्वा कॉलऱ्यात गेली. अजून बी भाकरी दोघांपुरतीच थापतो म्या. हात ऐकत न्हाय." हे ते मराठीत बोलले. साहेबांना कळलं. मास्तरांचं कधीकाळी लग्न झालं होतं, हे मला मात्र त्या पायरीवर कळलं.

साहेबांनी खानसाम्याला बोलावून नवीन पातेल्यात साधी खिचडी टाकायला सांगितली. गुंडप्पा मास्तर कट्टर लिंगायत, परक्या घरचं पाणीही न घेणारे. आता ते उठतील म्हणून मी चपला घालून थांबलो. ते उठले नाहीत.

शेवटी मी एकटाच निघालो. फाटकापाशी वळून पाहिलं, तर दोघं कंदिलाजवळ जेवत होते. साहेबांचा घास मध्येच थांबला, तशी मास्तरांनी लोणच्याची वाटी हळूच त्यांच्याकडं सरकवली.